सैल धाग्याचं तत्त्वज्ञान

टॉवेलच्या मागाला दोन बीम लागतात. एका बीमवरचा उभा ताणा ताठ, बोटाने छेडला तर झंकारेल इतका. दुसऱ्या बीमवरचा ताणा मुद्दाम सैल सोडलेला. आडवा धागा, म्हणजे बाणा, एकदा जातो, दुसऱ्यांदा जातो. पण फणी त्यांना कापडाच्या कडेपर्यंत नेत नाही, थोडं अंतर राखून थांबते. तिसरा बाणा गेला की ती पूर्ण ठोका देते आणि तिन्ही धागे एकदम पुढे सरकतात. ताठ ताण्यावरून ते घसरत जातात, सैल ताण्याला मात्र बरोबर ओढून नेतात. ओढला गेलेला हा सैल धागा मग जागा मिळेल तिथे, कापडाच्या वर किंवा खाली, वळसा घेऊन उभा राहतो. टॉवेलवरून हात फिरवला की बोटांना जे मऊ लागतं, ते हेच वळसे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत हा प्रकार दिवसरात्र चाललेला असतो. सोलापूरहून अक्कलकोटला निघालं की शहर सरताना ही वसाहत लागते. आत शिरलं की आधी खटखट कानावर येते आणि मग कारखाने दिसू लागतात. टॉवेल आणि चादर ही इथली मुख्य पिकं. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींच्या नावावर भौगोलिक निर्देशांकाची नोंद आहे. अशा जागेबद्दल लिहिताना लोक निर्यात, वीजदर आणि सूतदर याबद्दल लिहितात, आणि ते लिहायलाच हवं. मला इथे तत्त्वज्ञान शोधायचं आहे, कारण ते इथे खरोखर आहे. पुस्तकातल्यापेक्षा ते जरा हसऱ्या चेहऱ्याचं आहे, एवढाच फरक.

पाणी टिपायचं काम टॉवेलमधला कोणता धागा करतो, हा साधा प्रश्न घ्या. सैल धागा, हे पहिलं उत्तर. पण नीट पाहिलं तर पाणी जाऊन बसतं ते वळशांच्या मधल्या रिकाम्या जागेत आणि कापसाच्या तंतूंमधल्या फटींत. ताठ धागा टॉवेलला आकार देतो, तो नसता तर हातात नुसता गुंता आला असता. पण केवळ ताठ धाग्यांचं कापड अंग पुसायला घेतलं तर पाणी अंगभर पसरतं. चाकाच्या तुंब्यातल्या आणि मडक्याच्या आतल्या पोकळीकडे बोट दाखवून चीनमधल्या लाओ त्झूने हाच विचार मांडला होता: वस्तू आपल्याला धरता येते ते तिच्या भरीवपणामुळे, पण ती कामाला येते तिच्यातल्या रिकामेपणामुळे. सोलापूरच्या विणकराला ही गोष्ट ठोक्याठोक्याला सिद्ध करावी लागते, कारण सैल बीमचा ताण जरा वाढला की वळसे आखूड होतात आणि माल परत येतो.

माझं म्हणणं असं की विचार करण्यालाही हा दुसरा बीम लागतो. तर्काचा ताणा ताठ हवाच. त्याच्या जोडीला थोडं सैल काहीतरी हवं: गंमत, फुरसत, उगाच विचारलेला प्रश्न. विसाव्या शतकातले सर्वांत काटेकोर तत्त्वज्ञ म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते लुडविग विटगेनश्टाइन एकदा म्हणाले होते की तत्त्वज्ञानाचं एक गंभीर आणि चांगलं पुस्तक निव्वळ विनोदांचं लिहिता येईल. त्यांचे शिष्य आणि मित्र नॉर्मन माल्कम यांनी ही आठवण लिहून ठेवली आहे. विटगेनश्टाइन यांनी ते पुस्तक लिहिलं नाही. आपल्याकडे मात्र पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकातच त्या जातीचं लेखन केलं. भारुडात विंचू येतो, एडका येतो, जोशी येतो, भुत्या येतो. माणसं पोट धरून हसतात आणि हसता हसता देह, अहंकार आणि मुक्ती यांच्याबद्दल ऐकून घेतात.

सोलापूर जिल्ह्याला या बाबतीत मोठा वारसा आहे आणि तो सगळा हाताने काम करणाऱ्यांचा आहे. माढा तालुक्यातल्या अरणचे सावता माळी आपला मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला, असं परंपरा सांगते. मंगळवेढ्याला चोखामेळ्यांचा शेवट झाला तो गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून. खुद्द सोलापूर हे बाराव्या शतकातल्या सिद्धरामांचं गाव. त्यांनी तलाव खोदवला, अडुसष्ट लिंगं स्थापली, कन्नडमध्ये वचनं रचली. त्यांच्या आणि वचनकार अल्लमप्रभूंच्या भेटीची कथा ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात आली आहे. तलावाचं खोदकाम जोरात सुरू असताना अल्लमप्रभू येतात आणि सिद्धरामांचा उल्लेख खुशाल खड्डे खणणारा ‘वड्डर’ असा करतात. मजूर चिडतात, दगड उचलतात. पुढे सिद्धराम येतात आणि वाद सुरू होतो: इतकं मोठं लोकोपयोगी काम करणाऱ्याने आपण ते करतो आहोत ही जाणीवही सोडायची की नाही? एका खोडसाळ हाकेतून एवढा खोल प्रश्न निघाला. अल्लमप्रभू आदराने नमस्कार करून आले असते तर हा संवाद झाला असता का, याची मला शंका आहे. आणि वचनकारांमध्ये बसवण्णांच्याही आधीचे मानले जाणारे जेडर दासिमय्या हे तर विणकरच होते.

आता सुताकडे येतो, कारण या प्रकरणातली मला सर्वांत प्रिय गोष्ट तिथे आहे.

कापसाचा एक तंतू साधारण अडीच ते तीन सेंटीमीटर लांब असतो. अंगठ्याच्या पेराएवढा. टॉवेलच्या धंद्यात चालणारं २० काउंटचं सूत घेतलं तर एक किलो सुतात जवळपास ३४ किलोमीटर धागा भरतो. सोलापूर ते अक्कलकोट हे अंतर ४० किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे सव्वा किलोच्या आत-बाहेर सूत घेतलं तर धाग्याचं एक टोक एमआयडीसीच्या नाक्यावर बांधून दुसरं स्वामी समर्थांच्या वटवृक्षापर्यंत सहज नेता येईल. वाटेत धागा कुठेही तुटलेला नसेल. आणि तरीही त्या धाग्यात असा एकही तंतू नसेल जो सोलापुरात सुरू होऊन अक्कलकोटला पोचला. एकेक तंतू तीन सेंटीमीटर चालतो आणि थांबतो. तो थांबण्याआधी दुसऱ्याने त्याला पीळ घातलेला असतो.

मग हा धागा ‘एक’ कशाच्या जोरावर? विटगेनश्टाइन यांच्या मृत्यूनंतर १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’मध्ये त्यांनी नेमका धागाच उदाहरणाला घेतला आहे. प्रश्न होता ‘खेळ’ या कल्पनेचा. बुद्धिबळ, लगोरी, पत्ते, एकट्याने भिंतीवर चेंडू मारणं, या सगळ्यांत समान असं काय आहे? शोधत गेलं तर सगळ्यांना लागू पडणारा एकही गुण हाती लागत नाही. यात हार-जीत आहे, त्यात नाही. इथे कौशल्य आहे, तिथे नुसतं नशीब. ते म्हणतात, असा एक गुण सापडण्याची गरजच नाही. धाग्याचं बळ एखादा तंतू आरपार गेल्यामुळे येत नाही, अनेक तंतू एकमेकांवर चढल्यामुळे येतं. कल्पनांचंही तसंच.

हा विचार कळला की पुष्कळ भांडणं सैल पडतात. सोलापूरकर म्हणजे कोण, हेच घ्या. या वसाहतीत तेलुगू बोलणारे पद्मशाली आहेत, ज्यांचे पूर्वज तेलंगणातून आले. कन्नड बोलणारे आहेत, मराठी आहेत, दखनी उर्दू बोलणारे आहेत, अलीकडे उत्तरेकडून आलेले कामगारही आहेत. भाषा घ्या, धर्म घ्या, जेवणातला पदार्थ घ्या. सगळ्यांमधून आरपार जाणारा एकही तंतू मिळणार नाही. एकाची शेंगाचटणी दुसऱ्याकडे पोचते, दुसऱ्याची शिवी तिसऱ्याच्या तोंडी बसते, मार्कंडेय महामुनींचा रथ नारळी पौर्णिमेला निघतो तेव्हा रस्त्याच्या कडेला कोण उभं आहे हे कोणी विचारत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघाले की पुन्हा तीच गर्दी. शहर यावर टिकलं आहे. शहराचं ‘मूळ’ एकच असल्याचा दावा करणाऱ्यांनी एकदा सुताची कांडी उलगडून बघावी असं मला मनापासून वाटतं.

मागावरचा बीम संपत आला की आणखी एक प्रसंग बघायला मिळतो. जुन्या ताण्याची टोकं मागात तशीच राहू देतात आणि नव्या बीमचा एकेक धागा जुन्याच्या एकेका टोकाला जोडतात. असे धागे हजारांच्या हिशेबात असतात. बोटांच्या चिमटीत दोन टोकं, एक पीळ, पुढचं टोक. आता जोडणीची यंत्रंही आली आहेत, पण सरावलेल्या हाताचा वेग पाहण्यासारखा असतो. जोडणी झाली की माग सुरू होतो, गाठी फणीतून पलीकडे निघून जातात आणि नवं कापड जुन्याला धरून बाहेर येऊ लागतं.

या मागावरचं कापड मग सुरू कधी झालं? आजच्या बीमचा धागा कालच्या बीमला बांधलेला, कालचा परवाच्या. पहिल्यांदा फणी भरली त्या दिवसापर्यंत ही साखळी मागे जाते. मधल्या काळात फणी बदलली, धोटे झिजले आणि गेले, मोटर दोनदा बांधून आणली, चामड्याचे आणि लाकडाचे भाग कितीदा बदलले याचा हिशेब माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरकडेही नसतो. तरी तो म्हणतो, “हा माग वडिलांच्या वेळचा आहे.” आणि तो खोटं बोलत नाही.

इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकात होऊन गेलेला ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. नागसेन राजाला विचारतात, आपण कसे आलात? रथातून. मग रथ म्हणजे चाकं का? नाही. आस? नाही. जू? नाही. सगळे भाग सुटे करून ठेवले तर तो ढीग म्हणजे रथ? तेही नाही. मग महाराज, आपण ज्यातून आलात तो रथ आहे कुठे? राजाची अशी गोड कोंडी करून नागसेन त्याला मी-पणाच्या प्रश्नाकडे नेतात: केस, नखं, दात, विचार यांतलं कोणतंही एक म्हणजे ‘नागसेन’ नव्हे, आणि तरी हाक मारली की ओ देणारं कोणीतरी असतं. हा संवाद बौद्ध तत्त्वज्ञानाच्या गाभ्याचा आहे आणि वाचताना ओठांवर हसू येतं. वडिलांच्या वेळच्या मागाकडे बघताना मला नागसेन आठवतात. शिवाय रथापेक्षा मागाचा दाखला थोडा पुढे जातो. रथाचे भाग बदलतात, पण रथ काही निपजवत नाही. इथे बदलत्या मागातून न तुटलेलं कापड निघत राहतं.

चादरीबद्दल थोडक्यात सांगतो. सोलापुरी जॅकार्ड चादर दुपदरी विणीची असते. एका बाजूला तांबड्या जमिनीवर पांढरा मोर असेल तर दुसऱ्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर तांबडा. उलटी बाजू कोणती, हे अंथरणारा ठरवतो. पंढरपूरच्या नरहरी सोनारांची कथा हिच्याशेजारी ठेवावीशी वाटते. शिवाशिवाय कोणाकडे पाहायचं नाही म्हणून त्यांनी डोळ्यांना पट्टी बांधून विठ्ठलाच्या कमरेचं माप घेतलं. हाताला शंकर लागला. पट्टी काढली तर समोर विठ्ठल. पुन्हा पट्टी, पुन्हा शंकर. जैनांचा अनेकान्तवाद हा विचार तर्काच्या भाषेत मांडतो: वस्तूबद्दलचं प्रत्येक विधान कोणत्या तरी बाजूने खरं असतं, आणि ती बाजू सांगितल्याशिवाय विधान पुरं होत नाही. जैन ग्रंथांच्या संशोधित आवृत्त्या काढणारी जीवराज जैन ग्रंथमाला सोलापुरातूनच निघाली, हे या शहराच्या वाचकांनी लक्षात ठेवावं इतकं मोलाचं काम आहे.

तो मोर चादरीवर येतो कसा? मागाच्या डोक्यावर जॅकार्ड बसवलेलं असतं आणि त्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एक ओळ. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास ही रचना सिद्ध केली. पुढे त्याचंच चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेज यांच्याकडे होती. बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी ही पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. १८४३ साली त्या यंत्रावर टिपणं लिहिताना एडा लव्हलेस यांनी जॅकार्डच्या मागाशी त्याची तुलना केली आणि बजावलंही की हे यंत्र स्वतःहून नवं काही सुचवणार नाही, सांगितलेलं करील. संगणकाच्या वंशावळीत चादरीचा माग असा आजोबांच्या जागी बसतो.

मग या मागाला मोर ठाऊक असतो का? एकेक पुठ्ठा हातात घेऊन पाहा. भोकंच भोकं. मोर एकाही पुठ्ठ्यात नाही. माळ बांधणाऱ्याला तो ठाऊक असेल, विणणाऱ्याला दिसत असेल, मागाच्या कोणत्याही भागाला मात्र नाही. जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्स यांनी १७१४ मध्ये लिहिलेल्या ‘मोनॅडॉलॉजी’त एक कल्पना आहे: विचार करणारं यंत्र इतकं मोठं करा की गिरणीत शिरावं तसं आत शिरता येईल. आत काय दिसेल? एकमेकांना ढकलणारे भाग. जाणीव कुठेच दिसणार नाही. त्यांना हे डोळ्यांपुढे आणायला कल्पना लढवावी लागली, आपल्याला एमआयडीसीतल्या कोणत्याही चादरीच्या कारखान्यात पाऊल टाकलं की पुरतं. आज संगणक लिहितात, बोलतात, चित्रं काढतात आणि त्यांना ‘कळतं’ का यावर जगभर वाद चालला आहे. वाद करणाऱ्यांनी पुठ्ठ्याची माळ एकदा पाहावी. लाइबनिट्स यांच्या बाजूने ती बोलतेच, पण उलट प्रश्नही टाकते: मेंदूत शिरलं तरी तिथेही एकमेकांना ढकलणारे भागच दिसतील, मग मोर माणसाला तरी कुठे ठाऊक असतो? या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही आणि तो मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतो.

असे प्रश्न फक्त मागाजवळच निघतात असं नाही. एमआयडीसीच्या पुढे, अक्कलकोट रस्त्यालाच कुंभारी आहे. तिथे विडी कामगार स्त्रियांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये दहा हजार घरं. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, बोटं आपोआप चालू. मजुरी हजार विड्यांवर. हात गुंतलेले आणि जीभ मोकळी, अशा अवस्थेत ज्या गप्पा होतात त्यांत देव, नशीब, सासू, मरण, सरकार सगळं येतं. संतकाळातल्या जात्यावर जे घडलं त्याला हीच रचना कारण होती. त्या काळच्या ओव्या आपण जपून ठेवल्या. सुपाभोवतीचं बोलणं कोणीतरी जाणत्याने टिपून ठेवायला हवं आणि ते लवकर व्हायला हवं, कारण विडीचं काम कमी होत चाललं आहे.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. १८ मे २०२५ च्या पहाटे याच एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि तिथेच राहणाऱ्या आठ जणांचा जीव गेला. मालकाचं कुटुंब होतं, कामगार होते, लहान मूलही होतं. कापूस, सूत आणि झोपायची जागा एका छताखाली असली की काय होऊ शकतं, हे त्या पहाटे दिसलं. हलकंफुलकं तत्त्वज्ञान अशा ठिकाणी लंगडं पडतं, हे मान्य करायला हवं. पण त्याचा धागा इथेही सुटत नाही. सैल बीम मागावर मुद्दाम ठेवावा लागतो. तो आपोआप सैल होत नाही. माणसाला विचार करायला, हसायला, उगाच प्रश्न विचारायला जी मोकळी जागा लागते, तीही ठेवावी लागते: बाहेर पडायला रुंद दार, पाळीनंतर झोपायला कारखान्याबाहेर घर, नगावर मोजलेल्या मजुरीत श्वास घेण्याइतकी फट. ही मागणी तत्त्वज्ञानाची आहे, असं मी ठामपणे म्हणेन. सावता माळ्यांच्या मळ्यात देव आला, कारण तिथे मळा होता.

अक्कलकोटला दर्शनाला जाणाऱ्या बहुतेक गाड्या या वसाहतीवरून न थांबता जातात. जमलं तर अर्धा तास काढा आणि ओळखीने, मालकाची परवानगी घेऊन एखाद्या कारखान्यात जा. ओढणी किंवा सैल बाही चालू मागाजवळ नेऊ नका. बीम जोडणी चालू असेल तर कामगाराला मध्येच बोलण्यात गुंतवू नका. धाग्यांचा क्रम चुकला तर त्याला पुन्हा मागे यावं लागतं. चहाची वेळ झाली की मग विचारा, हे कापड सुरू कुठून झालं म्हणून. उत्तर तेलुगूत आलं तर शेजारच्याला मराठीत सांगायला सांगा. दोन्ही भाषा येणारं माणूस तिथे नेहमी असतं.